व्हर्च्युअल इलेक्ट्रिक पियानो पुरेसा आहे, की खरे वाद्य घ्यावे?

रंगसूर, कर्वेनगर

नमस्कार मंडळी. मी पुण्यातील प्रायोगिक नाटकांना आणि एकांकिकांना संगीत देतो आणि त्याखेरीज चार जणांच्या एका छोट्या वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. या दोन्ही कामांत मला इलेक्ट्रिक पियानोचा आवाज, विशेषतः फेंडर ऱ्होड्स आणि वुर्लिट्झर या दोन वाद्यांचा आवाज, सतत लागतो. संवाद चालू असताना तो खाली वाजत राहिला तरी शब्दांच्या आड येत नाही, आणि जोरात वाजवला की त्यातच एक करकरीत धार येते, जी प्रसंग एकदम उचलून धरते.

सध्या हे सगळे मी लॅपटॉपवरील सॉफ्टवेअरने करतो. त्याला जोडलेला कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा असून त्याच्या पट्ट्या हलक्या, स्प्रिंगच्या आहेत. आवाज कानाला बरा लागतो, परंतु वाजवताना हाताला काही मिळत नाही अशी माझी भावना झाली आहे. हळू वाजवलेला आणि मध्यम जोराने वाजवलेला स्वर यांत जो फरक मला हवा असतो तो मनासारखा येत नाही, आणि शेवटी ध्वनिमुद्रण झाल्यावर एकेक स्वराचा जोर माउसने दुरुस्त करत बसावे लागते.

मुंबईतील एका ओळखीच्या वादकांकडे ७३ पट्ट्यांचा ऱ्होड्स स्टेज मॉडेल विक्रीला आहे. त्यातील काही स्वर वाजत नाहीत, काही बेसूर आहेत आणि बाकीचे उत्तम आहेत, असे ते स्वतःच प्रामाणिकपणे सांगतात. त्यांची किंमत माझ्या ऐपतीच्या अगदी काठावर आहे, म्हणजे तो घेतला तर पुढील बराच काळ दुसरे काहीही घेता येणार नाही. माझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. तालमी सदाशिव पेठेत होतात आणि प्रयोग जिथे मिळेल तिथे.

ज्यांनी दोन्ही प्रकार प्रत्यक्ष हाताळले आहेत त्यांनी कृपया सांगावे, की खऱ्या वाद्यात असे नेमके काय आहे जे सॉफ्टवेअरमध्ये येत नाही, आणि जे येत नाही ते माझ्यासारख्याच्या कामाला खरोखर लागते का.

ध्वनिकक्ष

ध्वनिमुद्रणापुरते बोलायचे तर सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. सर्व वाद्ये एकत्र आल्यावर त्या मिश्रणात खरा ऱ्होड्स कोणता आणि चांगल्या सॉफ्टवेअरमधला कोणता, हे कसलेल्या कानांनाही खात्रीने सांगता येत नाही. आपली अडचण मात्र आवाजाची नसून हाताची आहे, असे आपल्या वर्णनावरून मला स्पष्ट दिसते. तिचे मूळ लॅपटॉपमध्ये नाही, त्या स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये आहे.

पट्टी दाबल्यावर कीबोर्ड सॉफ्टवेअरला वेगाचा फक्त एक आकडा पाठवतो, १ ते १२७ यांपैकी. इलेक्ट्रिक पियानोच्या आवाजाचा रंग जवळजवळ पूर्णपणे या आकड्यावर अवलंबून असतो. खालच्या आकड्यांना घंटेसारखा गोल स्वर आणि वरच्या आकड्यांना ती करकर. हलक्या पट्टीवर बोटाला अटकाव नसल्यामुळे मधले आकडे साधणे फार अवघड जाते, हात एक तर चाळिशीत राहतो नाहीतर थेट शंभरीपार जातो. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की खऱ्या वाद्याचा विचार करण्यापूर्वी हातोडीचे वजन असलेल्या ८८ किंवा ७३ पट्ट्यांच्या कीबोर्डवर आपलेच सध्याचे सॉफ्टवेअर वाजवून पाहावे. कीबोर्ड कोणाकडून चार दिवस मागून आणला तरी चालेल. त्यासोबत सॉफ्टवेअरमधील व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या वेगाला आवाजाचा किती जोर मिळावा हे ठरवणारी रेषा, आपल्या हाताप्रमाणे लावून घ्यावा. ही गोष्ट पाच मिनिटांची आहे आणि तरीही बहुतेक जण ती करत नाहीत.

दुसरे म्हणजे आपण कोणत्या जातीचे सॉफ्टवेअर वापरता ते लिहिलेले नाही, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. एका जातीत खऱ्या वाद्याचा प्रत्येक स्वर वेगवेगळ्या जोराने मुद्रित करून ठेवलेला असतो. स्पेक्ट्रासॉनिक्सचे कीस्केप हे त्याचे मोठे उदाहरण असून त्याचा संग्रह ७७ जीबीच्या घरात जातो. दुसऱ्या जातीत काहीही मुद्रित केलेले नसते. हातोडी, तिच्या आघाताने घुमणारी पोलादी काडी आणि त्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा पिकअप यांचे गणित संगणक त्याच क्षणी सोडवतो. अप्लाइड अकूस्टिक्सचे लाउंज लिझर्ड आणि मोडार्टच्या पियानोटेकमधील इलेक्ट्रिक पियानो या जातीचे आहेत, आणि पियानोटेकचा सगळा पसारा काही दहा एमबींत मावतो.

एकाच स्वरावर भराभर पुन्हा आघात केला तर खऱ्या वाद्यात काडी आधीच थरथरत असते, आणि हातोडी तिला कोणत्या क्षणी गाठते त्यावर पुढचा स्वर थोडा दबतो किंवा उसळतो. मुद्रित स्वरांच्या संग्रहात प्रत्येक आघात नव्याने, शांत काडीवरच सुरू झालेला असतो, त्यामुळे संथ रचनांत तो अतिशय देखणा वाटतो आणि ठेक्याच्या वादनात कोरडा पडतो. गणिती प्रतिकृतीत ही उसळी येते. आपल्या वाद्यवृंदासाठी मी दुसरी जात सुचवीन. नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी कोणतीही चालेल.

लेटन्सीबद्दल, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराबद्दलही लिहितो, कारण हाताला काही मिळत नाही या तक्रारीमागे ती पुष्कळदा लपलेली असते. ४८ किलोहर्ट्झला बफर, म्हणजे संगणक आवाजाचे जितके नमुने साठवून मग पुढे पाठवतो तो आकडा, ५१२ ठेवला तर एकट्या त्या बफरमुळे जवळजवळ ११ मिलिसेकंदांचा उशीर होतो, त्यात ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या साउंड कार्डाचा, स्वतःचा उशीर मिळतो आणि मग बोट आणि आवाज यांच्यात फट जाणवू लागते. बफर १२८ वर आणला तर हाच उशीर पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत येतो. ध्वनीला हवेतून एक मीटर जायला साधारण तेवढाच वेळ लागतो, तेव्हा त्याची चिंता करण्याचे कारण नाही. लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डावर वाजवत असाल तर आधी एक साधा ऑडिओ इंटरफेस घ्या आणि विंडोजवर त्याचाच एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज पोहोचवणारा) निवडा.

आता एक उलट प्रश्न. आपल्या कानात जो आवाज आहे तो नक्की ऱ्होड्सचाच आहे ना? आपल्याकडे ऐंशीच्या दशकातील गाण्यांत काचेसारखा चमकणारा जो इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो तो पुष्कळदा १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ या सिंथेसायझरचा असतो. त्यात काडीही नाही आणि हातोडीही नाही, तो पूर्णपणे एफएम पद्धतीने, म्हणजे एका विद्युत लहरीने दुसरी बदलून, घडवलेला आहे. तोच हवा असेल तर मुंबईच्या वाद्याचा विचार इथेच थांबवता येईल.

काळी पाच

माझ्याकडे वुर्लिट्झर २००ए आहे आणि त्याआधी बराच काळ एक ऱ्होड्स स्टेज माझ्या घरी होता. वरील प्रतिसादातील तांत्रिक भाग मला मान्य आहे. परंतु खऱ्या वाद्याचा प्रश्न मुद्रणात फरक ओळखू येतो का, एवढ्यावर मिटवणे मला पटत नाही, कारण वादक वाजवताना जे ऐकतो त्यावरून पुढचा स्वर ठरवत असतो.

ऱ्होड्सचे झाकण उघडून पाहिले तर प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी, तिच्यासमोर एक बारीक पोलादी काडी आणि त्या काडीला जोडलेली एक जाड धातूची पट्टी दिसते. काडीला टाईन म्हणतात आणि पट्टीला टोन बार. दोन्ही मिळून असमान भुजांचा एक नादकाटा होतो. काडीच्या टोकासमोर साधारण दीड मिलिमीटरवर चुंबकीय पिकअप असतो. काडीचे टोक पिकअपच्या अगदी मध्यासमोर आणले तर वरच्या सप्तकाचा पोकळ स्वर जास्त येतो, किंचित वर घेतले तर मूळ स्वर भरदार होतो, आणि पिकअप जवळ सरकवला की ती करकर लवकर सुरू होते. हे अंतर ७३ काड्यांपैकी प्रत्येकीसाठी स्क्रूने वेगळे लावता येते आणि कोणत्याही दोन काड्या कधीच तंतोतंत सारख्या लागत नाहीत. वाजवणाऱ्याला हळूहळू आपल्या वाद्याचा प्रत्येक स्वर ओळखीचा होतो. मध्य सप्तकातला एखादा गंधार जरा लवकर चिडतो हे हाताला माहीत होते आणि हात तिथे आपोआप मऊ पडतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही असे कमीजास्तपण दिलेले असते, पण ते दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते. माझ्या दृष्टीने खरे वाद्य घेण्याचे हेच सर्वांत मोठे कारण आहे, आणि ज्याला हे कारण मनापासून भिडत नाही त्याने ते घेऊ नये.

या वाद्याचा उगमही हाताशीच जोडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात हॅरॉल्ड ऱ्होड्स हे अमेरिकन शिक्षक रुग्णालयातील जखमी सैनिकांना पियानो शिकवत होते. अंथरुणात पडल्यापडल्या मांडीवर ठेवता येईल असा २९ पट्ट्यांचा छोटा पियानो त्यांनी भंगारातील बी-१७ विमानांच्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून तयार केला. पुढे फेंडर कंपनीबरोबर त्याचे मोठे वाद्य झाले, १९७० च्या सुमारास स्टेज मॉडेल आले आणि १९८४ च्या आसपास मूळ मालिकेचे उत्पादन थांबले. म्हणजे मुंबईचे जे वाद्य आपण घेऊ पाहत आहात ते किमान चाळीस वर्षे जुने आहे, आणि त्याकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे.

न वाजणारे स्वर पाहून घाबरू नये, पण त्यांचे कारण मात्र स्वतः तपासावे. स्पीकर बंद ठेवून झाकण उघडा आणि ती पट्टी वाजवा. काडी छान घुमत असेल आणि स्पीकर लावल्यावर मात्र त्यातून काही येत नसेल तर पिकअपची बारीक तार तुटलेली आहे किंवा तिचा डाख सुटला आहे. ही दुरुस्ती कसबी माणसाला जमते. याउलट नुसताच ठक्क असा आवाज येऊन काही घुमत नसेल तर काडीच तुटली आहे, आणि ती परदेशातून मागवावी लागेल. व्हिंटेज व्हाइबसारख्या कंपन्या हे सुटे भाग आजही बनवतात, मात्र वाहतूक आणि सीमाशुल्क धरून हिशोब करावा. बेसूर स्वरांची काळजी नको. प्रत्येक काडीवर एक छोटी स्प्रिंग असते. ती टोकाकडे सरकवली की स्वर उतरतो आणि मुळाकडे सरकवली की चढतो. एकदा बसलेला स्वर पुष्कळ टिकतो.

खरी मेहनत पुढेच आहे. हातोडीच्या टोकाचे रबर झिजून त्याला खाचा पडल्या आहेत का ते पाहा, कारण तसे असेल तर आवाज कर्कश येतो आणि काड्याही लवकर तुटतात. टोन बारखालचे रबरी ग्रोमेट (टेकू देणाऱ्या कड्या) कडक झाले असतील तर स्वर फार काळ टिकत नाही. आणि पट्ट्या लाकडी आहेत हे विसरू नका. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे वाद्य किती पावसाळे राहिले आहे ते विचारा आणि काड्यांवर गंजाचे ठिपके आहेत का ते टॉर्च लावून बघा. पुण्यातही जुलै ते सप्टेंबर लाकूड फुगते, पट्ट्यांच्या भोकांतील कापड दमट होते आणि चार-दोन पट्ट्या खाली दबल्या की वर यायला आळस करतात. मी त्या महिन्यांत झाकणाखाली सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो आणि रोज थोडा वेळ का होईना वाजवतो.

विजेबद्दल एक दिलासा आहे. स्टेज मॉडेलला वीज लागतच नाही, त्यातून गिटारप्रमाणे थेट पिकअपचा सिग्नल बाहेर येतो. अंगचाच अँप आणि स्पीकर असलेले सूटकेस मॉडेल किंवा माझा वुर्लिट्झर यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेत विकलेले वाद्य तिथल्या १२० व्होल्टवर चालते, त्यामुळे आपल्या २३० व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतो, मात्र विकत घेताना वॅटचा आकडा वाद्याच्या पाठीवरील आकड्यापेक्षा ऐसपैस जास्त असावा.

पेटी आणि भाता

मी पेट्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. इलेक्ट्रिक पियानो माझा विषय नाही, परंतु काळी पाच यांच्या वुर्लिट्झरचे काही स्वर मीच मिळवून दिले आहेत, म्हणून लिहितो.

पुण्यात असे वाद्य दुरुस्त करणारा कोणी मिळणार नाही, असे गृहीत धरून अनेक जण माघार घेतात. वुर्लिट्झरच्या बाबतीत ते तितकेसे खरे नाही. त्यात पोलादी पात्या असतात आणि स्वर मिळवण्याचे तत्त्व पेटीच्या पितळी सुरांसारखेच आहे. पेटीत सुराचे टोक घासले की तो चढतो आणि मूळ घासले की उतरतो. वुर्लिट्झरमध्ये पातीच्या टोकावर शिशाच्या डाखाचा एक थेंब बसवलेला असतो. तो कानशीने किंचित घासला की स्वर चढतो आणि डाख वाढवला की उतरतो. ज्याचा हात पेटीवर बसला आहे त्याला हे काम शिकायला वेळ लागत नाही, कारण किती घासले की किती चढेल याचा अंदाज हातातच असतो.

फरक दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की घासलेल्या शिशाचा कीस पाती आणि तिच्या भोवतीची पिकअपची पट्टी यांच्यामध्ये पडला तर वाद्य तडतडू लागते, म्हणून पाती काढून बाजूला घेऊनच घासावी आणि पुसूनच परत बसवावी. दुसरा असा, की त्या पिकअपवर सुमारे दीडशे व्होल्टचा दाब असतो. वाद्य बंद करून वायर काढल्यावरही काही वेळ तो राहतो. विजेचे काम जाणणारा माणूस सोबत असल्याशिवाय मी ते झाकण उघडत नाही, आणि इतर कोणीही उघडू नये.

रंगसूर यांच्या नाटकांसंबंधी एक सुचवतो. प्रयोगात कोणी पदे म्हणणार असेल तर गाण्याच्या पट्टीचा, म्हणजे षड्ज कुठे धरायचा याचा, प्रश्न येतो. गायक-नट आज काळी दोनमध्ये गातो आणि घसा बसला की उद्या पांढरी एकमध्ये गातो. सॉफ्टवेअरमध्ये सगळी पट्टी एका बटणावर सरकते; खऱ्या वाद्यात ती वादकाच्या बोटांतच असावी लागते. शिवाय पियानोटेकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्वरांतरेही बदलता येतात, म्हणजे गंधार-निषाद गळ्याप्रमाणे थोडे उतरवून घेता येतात. समान अंतराच्या सुरांवर गाताना ज्यांना टोचते अशा गायकांसाठी ही फार मोठी सोय आहे. ऱ्होड्सवर त्यासाठी प्रत्येक स्प्रिंग सरकवावी लागेल, आणि तसे प्रयोगागणिक कोणीही करणार नाही.

रंगसूर, कर्वेनगर

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिले याबद्दल मनापासून आभार. ध्वनिकक्ष यांच्या सांगण्यावरून बफर पाहिला, तो ५१२ वरच होता. १२८ वर आणल्याबरोबर फरक पडला, परंतु मधल्या जोराची अडचण तशीच आहे. एका मित्राच्या घरी वजनदार पट्ट्यांवर तेच सॉफ्टवेअर वाजवून पाहिले आणि माउसने दुरुस्त करावे असे त्यात फारच थोडे उरले.

मला हवा असलेला आवाज ऱ्होड्सचाच आहे, याची आता खात्री झाली आहे. तरीही एक शंका राहते. मित्राकडे हेडफोनवर वाजवताना आवाज सुंदर होता, पण तालमीच्या खोलीतील स्पीकरवर तो पातळ आणि टोकदार झाला. खरा ऱ्होड्स मी एकदाच, मुंबईच्या त्या वादकांच्या घरी ऐकला आहे, आणि तिथे तो खोलीभर पसरला होता. हा फरक वाद्याचा म्हणायचा का?

ध्वनिकक्ष

त्यातील बराच भाग स्पीकरचा आहे. आपण ज्या मुद्रणांवरून हा आवाज ओळखतो त्यांत ऱ्होड्स बहुधा एखाद्या अँपमधून (ॲम्प्लिफायरमधून) गेलेला असतो, आणि फेंडर ट्विन रिव्हर्बसारख्या गिटारच्या अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर येऊ देत नाही. जी टोकदार किणकिण आपल्याला तालमीत टोचली ती अशा स्पीकरमध्ये आपोआप गळून पडते. तालमीच्या खोलीतील स्पीकर भाषणासाठी आणि गाण्यासाठी बनवलेला असतो, तो वरचे सगळे जसेच्या तसे पुढे फेकतो.

तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये अँप आणि कॅबिनेटची (स्पीकरच्या पेटीची) प्रतिकृती असेल तर ती सुरू करून थेट स्पीकरला जा, किंवा ती बंद ठेवून लॅपटॉपचा आवाज खऱ्या गिटार अँपमधून काढा. दोन्ही एकाच वेळी नकोत, आवाज गुदमरतो. आपल्या वाद्यवृंदातील गिटारवादकाकडे रोलंड जेसी-१२० असेल तर तो तालमीपुरता मागून घ्या. ऱ्होड्सच्या आवाजाला तो फार शोभतो. हा प्रयोग केल्याशिवाय मुंबईला पैसे देऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन.

विमाननगरचा वादक

मधला मार्ग कोणी मांडला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. मी हॉटेलांत आणि लग्नसमारंभांत वाजवतो आणि लॅपटॉप रंगमंचावर नेत नाही. ऐन कार्यक्रमात विंडोजने अपडेट सुरू केलेले मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिले आहे. नॉर्ड इलेक्ट्रो, कोर्ग एसव्ही-२, यामाहा सीपी८८ अशा स्टेज पियानोंत ऱ्होड्स आणि वुर्लिट्झर दोन्ही चांगले मिळतात, बटण दाबले की वाद्य तयार असते आणि सीपी८८ व एसव्ही-२ यांच्या पट्ट्या वजनदार असतात. यूएसबीने लॅपटॉपला जोडले तर हेच कीबोर्ड घरी सॉफ्टवेअरसाठीही चालतात. एकांकिका स्पर्धेत रंगमंच लावायला मोजकाच वेळ मिळतो, तिथे ही गोष्ट फार मोलाची आहे. यामाहाचा रीफेस सीपी तर पाठीवरच्या पिशवीत मावतो, मात्र त्याला ३७ लहान पट्ट्याच आहेत, त्यामुळे आपल्याला हवा तो स्पर्श त्यात मिळणार नाही.

काळी पाच

विमाननगरच्या वादकांचे म्हणणे नाटकांच्या कामासाठी अगदी योग्य आहे. प्रयोगाला ऱ्होड्स नेण्याचा विचार आपण करू नये असेच मी म्हणेन. स्टेज ७३ चे वजन ६० किलोच्या आसपास आहे, तो जिन्याने उतरवायला दोन धडधाकट माणसे लागतात, आणि प्रत्येक टेम्पोच्या प्रवासानंतर दोन-चार काड्या पिकअपसमोरून हललेल्या सापडतात. घरात एका जागी राहणार असेल, आपण रोज त्यावर बसणार असाल आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची आवड असेल, तरच तो घ्यावा.

रंगसूर, कर्वेनगर

मग निर्णय असा करतो. गिटारवादक मित्राच्या अँपमधून सॉफ्टवेअर वाजवून पाहिले आणि ते पातळपण पुष्कळ गेले, म्हणून नाटकांसाठी आणि वाद्यवृंदासाठी आता वजनदार पट्ट्यांचा स्टेज पियानो घेतो, जुना मिळाला तर जुनाच. मुंबईच्या वादकांना मी खरे ते सांगितले आहे, की पैसे साठले आणि तोवर वाद्य विकले गेले नाही तर पावसाळा संपल्यावर येऊन पाहीन. ते वाद्य मला हवे आहे, पण कामासाठी नव्हे, माझ्या रोजच्या रियाजासाठी हवे आहे, हे या चर्चेतून स्पष्ट झाले. काळी पाच, त्या वेळी आपण सोबत याल का? आणि तिथे अँप नसेल तर काय न्यावे?

काळी पाच

अवश्य येईन. अँप नसला तरी अडत नाही. आपला ऑडिओ इंटरफेस, हेडफोन आणि गिटारची साधी केबल घ्या. वाद्याचा जॅक इंटरफेसच्या हाय-झेड किंवा इन्स्ट्रुमेंट लिहिलेल्या इनपुटला लावा. साध्या लाइन इनपुटला लावले तर आवाज मंद आणि बोथट येतो आणि चांगले वाद्यही खराब वाटते. वाद्यावरचे व्हॉल्यूमचे बटण पूर्ण उघडा आणि बासचे मध्यावर ठेवा. आधी सगळे ७३ स्वर एकाच हलक्या जोराने, मग एकाच मोठ्या जोराने मुद्रित करून घ्या, म्हणजे घरी येऊन शांतपणे ऐकता येतील. पेडल विसरले जाते, म्हणून आधीच फोन करून विचारा, की मूळ पेडल आणि त्याची उभी सळई दोन्ही आहेत का. ही सळई यांत्रिक असते, बाजारातले कीबोर्डचे पेडल तिथे चालत नाही. चारही पाय आणि त्यांना आधार देणाऱ्या आडव्या नळ्या आहेत का तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.